तुझ्याबद्दल नाही गं!

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. वय 37, खासगी विमा कंपनीत नोकरी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. घरात मराठीच बोलतो, आडनाव रायगडातल्या एका गावावरून पडलेलं.

गेल्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना एक जण ट्रॅफिकवरून चिडला आणि म्हणाला, "या देशाला एक हिटलरच पाहिजे." हे मी आजवर कितीतरी वेळा ऐकलंय, दर वेळी खाली मान घालून जेवत राहते. या वेळी शेजारचा म्हणाला, "त्याने ज्यूंना उगाच नाही मारलं, सगळा पैसा दाबून बसले होते ते." मी म्हटलं, "मी ज्यू आहे." जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग तोच हसून म्हणाला, "अगं, तुझ्याबद्दल नाही गं! तू तर आपलीच." आणि त्याने माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं वाढून घेतलं. हा माणूस वाईट नाही. माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं, तेव्हा गाडी घेऊन तोच आला होता.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत एक मुलगा हिटलर होऊन आला, मिशी, दंडाला पट्टी सगळं. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. माझा मुलगा घरी येऊन हॉलमध्ये तसाच हात वर करून चालत होता. त्याला काय माहीत? मीच कधी सांगितलं नाही.

आणखी एक मनात आहे. दोन वर्षांपूर्वी भाड्याचं घर बघताना नवऱ्याचं नाव ऐकून एजंट म्हणाला, "या सोसायटीत मुसलमान चालत नाहीत." मी घाईघाईने म्हटलं, "आम्ही मुसलमान नाही, ज्यू." तो म्हणाला, "मग काहीच प्रश्न नाही, इस्रायल म्हणजे एक नंबर!" घर मिळालं. अजून तिथेच राहतो, पण माझं ते वाक्य मला विसरता येत नाही.

ऑक्टोबर 2023 पासून तर व्हॉट्सॲप उघडायची भीती वाटते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहितं, "तुमच्या लोकांनी चांगला धडा शिकवला", आणि कॉलेजची जुनी मैत्रीण विचारते, "तुमचे लोक लहान मुलांना मारतात, त्यावर तू गप्प कशी?" माझे मामा अश्दोदला असतात. सायरन वाजला की ते जिन्याखाली बसतात आणि आम्ही इथे फोन हातात धरून बसतो.

आई म्हणते, "गप्प बस. दोन हजार वर्षं या मातीत राहिलो, कुणी बोट लावलं नाही. चार शब्दांसाठी वाईटपणा घेऊ नको." तिचं बरोबर आहे का? मी उगाच बाऊ करतेय का? बोलायचं तर कसं? आणि मुलाला काय सांगू?

नाव छापू नका. आडनाव तर मुळीच नको, लगेच ओळखतील.

एक वाचक, ठाणे


प्रिय ठाणेकर,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वयाने लेकीसारखी आहेस, म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

बाऊ करतेस का, याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. "तुझ्याबद्दल नाही गं" हे वाक्य इतक्या मायेने म्हटलं जातं की ते लागलं असं म्हणायचीही चोरी होते. पण त्याचा अर्थ लावून बघ. तुझे आईवडील, मामा, मुलगा ज्या समाजातले, त्या समाजाला मारलं ते ठीकच होतं. तुला तेवढं आम्ही त्यातून वगळलंय. आणि वगळल्याबद्दल तू हसून डबा पुढे करायचा. त्या माणसाचा तुला राग येत नाही, कारण तो रात्री दोन वाजता धावून आला होता. तेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसात आहे, म्हणून तर हे इतकं जड जातंय.

आता एक गोष्ट सांगते, जी या सदरात मी कधी लिहिलेली नाही.

मी अलिबागची. 1974 साली नववीत होते. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, विषय "मला आवडणारा नेता". कुणी टिळक घेतले, कुणी नेताजी. मी हिटलर घेतला. भाषण थोरल्या भावाने लिहून दिलं होतं: महायुद्धात हरलेलं, कंगाल झालेलं राष्ट्र एका साध्या शिपायाने कसं उभं केलं, त्याची शिस्त, त्याने बांधलेले रस्ते, त्याचं वक्तृत्व. ज्यू हा शब्द त्या भाषणात एकदाही नव्हता. परीक्षक तीन होते आणि त्यांतल्या एक आमच्या भूगोलाच्या बाई. त्या इस्राएल आळीत राहायच्या. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत घरी पोचायची त्यांची लगबग आम्हा सगळ्या मुलींना ठाऊक होती. ती कशासाठी, हे विचारावं असं एकीलाही कधी वाटलं नाही. मी टेबलावर मूठ आपटून भाषण केलं. दुसरा नंबर आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बोलावून घेतलं. वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "गुण मी तुझ्या उच्चारांना दिले, ते चांगले आहेत. आता बाई म्हणून नाही, गाववाली म्हणून सांगते. तो माणूस अलिबागपर्यंत पोचला असता ना, तर आधी आमच्या आळीत शिरला असता." एवढं बोलून त्यांनी पुढची वही ओढली.

मी माफी मागितली नाही. काय चुकलं हेच मला कळलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम त्या आळीतून गेले. आधी शंभरदा गेले असेन. त्या दिवशी मात्र एकेका दारापाशी तेच डोक्यात येत राहिलं: या दारात शिरला असता, मग या दारात. पुढे मुंबईत कॉलेजला असताना ग्रंथालयात नाझी छावण्यांचे फोटो बघितले, तेव्हा कुंपणामागची माणसं मला पोलंडची वाटली नाहीत, आळीतली वाटली. 60 लाख ज्यू मारले गेले, त्यांत 15 लाखांच्या आसपास मुलं होती, हे आकडे मी नंतर वाचले. ते मला कळले बाईंच्या त्या वाक्यामुळे. बाई पुढे इस्रायलला गेल्या. मी त्यांना पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, आणि आता उशीर झाला आहे.

म्हणून तुला बोल म्हणते. बाईंनी मला सभागृहात उभं करून झापलं असतं तर मी भावाची बाजू घेऊन भांडले असते. त्यांनी एकटीला बोलावलं, माझ्यात जे चांगलं होतं ते आधी सांगितलं आणि हिटलर माझ्याच गावच्या रस्त्यावर आणून उभा केला.

तर त्या सहकाऱ्याला जेवणाच्या टेबलावर काही बोलू नकोस. तिथे बाकीचे असतात, त्याला स्वतःचं तोंड वाचवायचं असतं, आणि मग तो विनोद करणारच. संध्याकाळी चहाला किंवा स्टेशनपर्यंत चालताना बोल. असं काहीसं: "बाबांच्या वेळी तू आलास ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणूनच तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. हिटलरच्या माणसांनी याद्या केल्या तेव्हा त्यांत पैसेवाले आणि गरीब असं काही बघितलं नव्हतं. आईवडील ज्यू, एवढंच बघितलं. माझा मुलगा त्या यादीत असता. 'तुझ्याबद्दल नाही' असं तिथे कुणी म्हणालं नसतं." मग थांब. त्याला उत्तर द्यायला लावू नकोस. "सॉरी" म्हणाला तर ठीक, विषय बदलला तरी ठीक. मी तर काहीच म्हणाले नव्हते.

ट्रॅफिकवरून चिडलेल्या त्या पहिल्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्या मराठीत हिटलर हे विशेषण होऊन बसलं आहे. कडक वडील हिटलर, होस्टेलची रेक्टर हिटलर, वेळेवर डबा मागणारा नवरा हिटलर. बोलणाऱ्याच्या मनात शिस्त एवढाच अर्थ असतो. त्यात भर म्हणजे "तो इंग्रजांचा शत्रू, म्हणजे आपला मित्र" हा जुना समज. त्यावर तुझ्या हाताशी एक गोष्ट असू दे. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात स्वच्छ लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थान दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला त्याला बरा. मे 1942 मध्ये सुभाषबाबू त्याला भेटले तेव्हा भारतीयांबद्दलच्या त्या लिखाणाचा विषय त्यांनी त्याच्या तोंडावर काढला होता, आणि भारताच्या स्वातंत्र्याची उघड घोषणा हिटलरने त्या भेटीतही केली नाही. हे सांगितल्यावर बरेच जण खरोखर चपापतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. अशा अज्ञानावर रागावण्यात तुझी शक्ती घालवू नकोस.

"पैसा दाबून बसले होते" हे मात्र निव्वळ अज्ञान नव्हे. ते तयार मिळालेलं विष आहे, आणि फार जुनं. मध्ययुगीन युरोपात ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हतं. चर्चने ख्रिश्चनांना व्याजाचा व्यवहार निषिद्ध केला होता. जो धंदा ज्यूंपुढे उरला तोच त्यांचा स्वभाव ठरवला गेला आणि मग त्यावरून त्यांना मारलं गेलं. पुढे 1903 साली रशियात एक बनावट दस्तऐवज छापला गेला: म्हणे ज्यू पुढाऱ्यांनी गुप्त बैठकीत जग ताब्यात घ्यायचा बेत केला. तो दुसऱ्याच कुठल्या लिखाणावरून उचललेला आहे, हे लंडनच्या "टाइम्स"ने 1921 मध्ये दाखवून दिलं. तरी तो मेला नाही. तुझ्या सोसायटीच्या ग्रुपवर "जगातल्या सगळ्या बँका ज्यूंच्या, मीडिया ज्यूंचा" असा जो फॉरवर्ड येतो, तो त्याच घराण्यातला. तो कौतुकाने आला तरी, "बघा, मूठभर लोक जग चालवतात, काय हुशारी!" असा आला तरी. कौतुक बघून खूश होऊ नकोस. आज ज्या कारणासाठी ओवाळतात, उद्या त्याच कारणासाठी बोट दाखवतात.

आणि तुमच्या समाजाचा पैसा म्हणशील तर मी डोळ्यांनी बघितला आहे. अलिबागच्या आळीत कारकून होते, शिक्षिका होत्या, नर्स होत्या, एक सुतार होते, आणि एका घरात पोस्टात जाणारे आजोबा. त्यांच्या आधीच्या पिढ्या घाण्यावर तेल गाळत.

आता तुझी आई. ती म्हणते त्यातलं बहुतेक खरं आहे, आणि ते खरं असल्याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही तुमची कथा तू घरात ऐकलीच असशील. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने तुम्हाला शनवार तेली म्हटलं आणि घाणा बंद ठेवू दिला. इंग्लंडने 1290 साली ज्यूंना हाकललं, स्पेनने 1492 साली हाकललं. कोकणात तुमच्या पूर्वजांच्या दारी असं कुणी गेलं नाही.

पण आईने त्याला जोडलेलं "म्हणून गप्प बस" मला मान्य नाही. छळ झाला नाही हा काही उपकार नव्हे, की त्याची फेड पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून करत राहावी. तुम्ही इथे भाडेकरू नाही. ज्या गावाचं नाव आडनाव म्हणून लावता, त्या गावाशी बोलायचा हक्क तुम्हाला आहेच.

शिवाय "कुणी बोट लावलं नाही" हेही पुरतं खरं नाही. हाफकिनचं उदाहरण घे. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेणारा वाल्देमार हाफकिन ज्यू होता. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिनवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं गेलं. दोष तिथे उघडलेल्या एका बाटलीपुरता होता, त्याच्या प्रयोगशाळेत नव्हता, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. फ्रान्सच्या सैन्यातल्या ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर 1894 साली देशद्रोहाचा खोटा आळ आला होता. त्यावरून मुलकोवालला पुढे "छोटं ड्रेफस प्रकरण" म्हटलं गेलं. आळ घेणारे गोरे सरकारी अधिकारी होते, आपण नव्हे. परळच्या संस्थेला त्याचं नाव 1925 मध्ये दिलं गेलं. त्या रस्त्याने जाताना हे किती जणांना माहीत असतं?

आणि नोव्हेंबर 2008. कुलाब्याचं नरिमन हाउस ज्यूंचं म्हणूनच हल्लेखोरांनी निवडलं होतं. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा ज्यू तिथे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी कडेवर घेऊन बाहेर आणलं. तेव्हापासून सणाच्या दिवशी प्रार्थनेला जाताना पोलीस आणि अडथळे ओलांडून जावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. तुझी आई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. तिचं "गप्प बस" तिथून तर आलेलं नाही ना? तिच्याशी वाद घालण्याआधी हे विचार. कुकर लावून झाल्यावर, तिच्याशेजारी बसून. कदाचित ती पहिल्यांदाच बोलेल.

ती म्हणाली की आपल्यात बोलायची रीत नाही, तर तिला 1964 ची आठवण दे. तिच्या लहानपणची किंवा त्याच्या जरा आधीची गोष्ट आहे, नातेवाइकांकडून ऐकली असेलच. इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आजी-पणजीपर्यंतची चौकशी लावली होती, तुम्ही पक्के ज्यू आहात का म्हणून. ज्यांच्या देशात आपलं माणूस म्हणून गेले त्यांनीच अशी शंका घेतली. ती कोकणातली माणसं जेरुसलेममध्ये निदर्शनं करत ठाण मांडून बसली, आणि बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं. गप्प बसणाऱ्यांचा समाज नाही हा.

घराच्या वाक्याबद्दल तू विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस. पण सगळ्या पत्रात तेच मला जास्त लागलं. तू खोटं बोलली नाहीस. पावसाळा तोंडावर, मूल लहान, घर हवं होतं. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते. पण तुला का खुपतंय ते तुला कळलंय, आणि ते कळणं मोलाचं आहे. "आम्ही ते नव्हे" असं म्हणून तू आत गेलीस आणि दार दुसऱ्या कुणासाठी बंद राहिलं. जे तुला डब्याच्या वेळी ऐकावं लागलं, "तुझ्याबद्दल नाही गं", तेच तिथे तू स्वतःसाठी मागून घेतलंस. हे कठोर वाटेल, पण तुला बरं वाटावं म्हणून मी याच्यावर पांघरूण घातलं तर तू पुढचं पत्र मला लिहिणार नाहीस. पुढच्या वेळी सोसायटीत असा विषय निघाला, घर द्यायचं की नाही याची चर्चा झाली, तर त्या बैठकीत तू बोल. तुझ्याइतकं त्यातलं कुणालाच कळत नाही.

(तुझ्या घरातली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे तुमच्या प्रार्थनामंदिराला, मशीदच म्हणत असतील ना? आमच्या अलिबागेत म्हणायचे. सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत मांडवीला बांधली ती जुनी मशीद. मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं असं तुमच्यात सांगतात. त्या एजंटाला हे कळलं असतं तर तो किती गोंधळला असता!)

व्हॉट्सॲपबद्दल माझं मत स्वच्छ आहे. इस्रायलच्या सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे; तिथले ज्यूच ती रस्त्यावर उतरून करतात. पण ठाण्यातल्या एका विमा कंपनीतल्या बाईला, ती ज्यू आहे म्हणून त्या सरकारचा जाब विचारणं, हा ज्यूद्वेषच. विचारणारी मैत्रीण असली तरी. तू कुणाची वकील नाहीस. मामांची काळजी आणि गाझातल्या मुलांचं दुःख दोन्ही तुझ्या मनात एकाच वेळी असू शकतं, आणि त्यातलं काय कुणाला सांगायचं ते तू ठरव. मैत्रिणीला फोन कर, लिहू नकोस. म्हण, "मला माणूस म्हणून विचार, मी तासभर बोलेन. 'तुमचे लोक' म्हणून विचारशील तर मी बोलणार नाही."

"चांगला धडा शिकवला" म्हणणाऱ्यांना तर याहून कमी शब्द पुरेत. त्यांना इस्रायलचं प्रेम नाही, शेजारच्या मुसलमानाला डिवचायला एक काठी हवी आहे आणि तू त्यांच्या हाती आयती सापडली आहेस. "कृपया मला यात धरू नका" एवढं ग्रुपवर लिही आणि ग्रुप म्यूट कर.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण डब्याच्या टेबलावर किंवा भाड्याच्या घरासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. ऑफिसात हे बोलणं पुन्हा पुन्हा, तुला उद्देशून होऊ लागलं तर तारखा लिहून ठेव आणि मग एचआरकडे लेखी दे. धमकी आली, दारावर काही लिहिलं गेलं, तर त्याच दिवशी पोलिसांत आणि सिनेगॉगच्या विश्वस्तांना कळव. तिथे आईचं ऐकू नकोस.

आता मुलगा. तुझी घाई समजते, पण छावण्यांपासून सुरुवात करू नकोस. आपण कोण, हे मुलाला आपल्याला मारणाऱ्यांच्या गोष्टीतून कळू नये. एखाद्या रविवारी त्याला मांडव्याच्या बोटीने अलिबागला ने. नवगावला जुनं दफनस्थान आहे, ते दाखव. आळीतलं सिनेगॉग दाखव. घाण्याची गोष्ट सांग. मलिद्याचं ताट करताना पोहे त्याला भिजवू दे आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची गोष्ट त्याच वेळी सांग. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक कोकणात वालाचं बिरडं खाऊन पाळला जायचा, बिरड्याचा सण म्हणून, हे त्याला नक्की आवडेल, आणि डब्यातल्या बिरड्याकडे तूही वेगळ्या नजरेने बघशील. मग, काही आठवड्यांनी, चार वाक्यांत: "जर्मनीत हिटलर नावाचा एक माणूस होता. आपल्यासारखे लोक जगायलाच नकोत असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आणि त्याचं ऐकणाऱ्यांनी खूप माणसं मारली, मुलंसुद्धा. म्हणून तो हात आपण वर करत नाही." तो विचारेल, "मग माझ्या वर्गातला तो मुलगा वाईट आहे का?" त्याला सांग, नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तुलाही मी सांगितलं नव्हतं.

शाळेला लिही. तक्रार म्हणून नको, पालक म्हणून. मी मसुदा देते, तुझ्या शब्दांत बदलून घे:

"आदरणीय बाई, वेशभूषा स्पर्धेत एका मुलाने हिटलरची भूमिका केली. त्या मुलाबद्दल किंवा त्याच्या पालकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आम्ही ज्यू आहोत. हिटलरने युरोपातले 60 लाख ज्यू मारले. माझा मुलगा ते बक्षीस टाळ्या वाजवून बघत होता, हे मला सहन झालं नाही. पुढच्या वर्षी व्यक्ती निवडताना पालकांना याची कल्पना द्यावी, ही विनंती. शाळेची हरकत नसेल तर 27 जानेवारीला, या बळींच्या आंतरराष्ट्रीय स्मृतिदिनी, मी वर्गात येऊन कोकणातल्या ज्यूंबद्दल वीस मिनिटं बोलेन. मुलांच्या वयाला झेपेल एवढंच बोलेन. येताना सगळ्यांसाठी मलिदा आणेन."

पत्र हातात दे, ईमेल नको. बाईंना वाचताना तू समोर असावीस.

एका वेळी सगळं करायला जाऊ नकोस. आधी आई, मग शाळा. सहकाऱ्याला मधे कधीतरी, चांगला दिवस बघून. मैत्रिणीचा फोन शेवटी. आणि यातलं एखादं बिनसलं, कुणी उलटून बोललं, तर मला लिही.

तुझं नाव छापलेलं नाही. आडनावही नाही. पाकिटावर मात्र ते होतं, आणि ते गाव मला माहीत आहे. माझ्या मावशीचं सासर तिथलं. एसटी थांब्याच्या मागे तेव्हा एक पडका घाणा होता, आणि गावातले म्हातारे त्या जागेला अजून तेल्याची वाडी म्हणायचे.

तुझी,
ताई